पुंगळीचा पंचनामा

पिस्तूल अडकलं, की नेमबाजीच्या रेंजवर सगळ्यांत आधी सुटतं ते मत. गोळी मागाहून. काडतूस बाळगायचं तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, वहीत नोंद लागते, कपाटाला कुलूप लागतं. तेच काडतूस का फुटलं हे सांगायला मात्र यातलं काहीच लागत नाही. साहजिकच परवानेवाले मूठभर आणि निदान करणारे रेंजभर, अशी परिस्थिती असते.

माझी भाची पंचवीस मीटर पिस्तूल खेळते. रविवारी सकाळी तिला रेंजवर सोडणं, तिची पाण्याची बाटली सांभाळणं आणि मध्ये न बोलणं ही मामा या नात्यानं माझ्याकडे आलेली कामं. त्यामुळे पालकांच्या बाकावर बसून निरीक्षण करायला भरपूर सवड मिळते. राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवलं, २०२४ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून रायफलचं कांस्य आणलं, आणि दोघंही कोल्हापूरकडचे निघाल्यामुळे पुण्यातल्या पालकांना स्वस्थ बसणं अशक्य झालं. आता बाकावर जागा धरायला रुमाल टाकावा लागतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांतला फरक ज्यांना परवापर्यंत हिंदी सिनेमापुरता ठाऊक होता, ते आता जांभई देत म्हणतात, “ट्रिगर बरोबर किलोचा आहे हो, पण ब्रेक क्रिस्प नाही.” (या प्रकारात चापाला किमान १,००० ग्रॅमचा ताण लागलाच पाहिजे असा नियम आहे. तो तपासायला खरोखरच चापाला एक किलोचं वजन टांगतात. वजनमापं खात्याच्या इन्स्पेक्टरांना भरून यावं असा तो सोहळा असतो.)

ज्या वस्तूवरून सगळा गदारोळ होतो ती दिसायला अगदीच किरकोळ. पॉइंट टू-टू लाँग रायफल असं तिचं भारदस्त नाव. नावात रायफल असली तरी ती पिस्तुलातही चालते. १८८७ साली अमेरिकेत ती निघाली आणि तेव्हापासून तिचा बांधा फारसा बदललेला नाही. जेमतेम दीड सेंटीमीटरची पितळी केस, आत चिमूटभर दारू, तोंडाशी अडीच ग्रॅमच्या आसपासचं शिसं. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मधोमध प्रायमरची टिकली असते. हिला तशी चैन नाही. हिचं बूड करंजीच्या वळणाचं: कडेनं पत्र्याची पोकळ मुरड आणि त्या मुरडीतच पेट घेणारं सारण. फायरिंग पिन त्या कडेवर टोला मारते, मुरड चेपते, सारण भडकतं, दारू पेटते, गोळी निघते. आणि करंजीचं जे होतं तेच हिचंही होतं. मुरड नीट राहिली तर तिचं कोणी नाव काढत नाही. फुटली की लाटणारी म्हणते सारण जास्त भरलं, भरणारी म्हणते पारी जाड लाटली, तळणारी म्हणते कडेला दुधाचं बोट लावलं नव्हतं, आणि ज्या तेलात हे सगळं घडलं त्या तेलाला कोणी विचारत नाही.

खरं म्हणजे या केसचं काम फार अवघड आहे. दारू पेटली की आतला दाब चौरस इंचाला २४,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. त्या क्षणी पितळानं फुगायचं, काडतूस बसतं त्या चेंबरच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटायचं, वायूला मागे फिरकू द्यायचं नाही. आणि गोळी गेल्यावर लगेच अंग चोरून भिंत सोडायची, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरला तिला बाहेर ओढता येईल. हा सगळा कारभार सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यांत आटपायचा. भिंतीचा आधार मात्र केसच्या शेवटच्या टोकापर्यंत नसतो, बुडाशी थोडा भाग उघडा राहतो. तिथं मागून स्लाइड टेकलेली असते. या पिस्तुलांत स्लाइडला कुलूप-कडी नसते, तिचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच भिस्त. स्लाइड पूर्ण मिटली असेल तर सगळं ठीक. केसभर फट राहिली आणि नेमका तेव्हाच टोला पडला, तर बिनआधाराचं पितळ तिथं फुगतं, आणि त्याची सहनशक्ती संपली की फाटतं. वायू मग पुढे जायच्या ऐवजी खेळाडूच्या दिशेनं निघतो. नेमबाज चष्मा लावतात तो एका डोळ्यानं नीट दिसावं म्हणूनच असा माझा समज होता. चष्म्यावर उडालेले काळे ठिपके बघितल्यावर त्याचं दुसरं काम कळलं.

तर त्या रविवारी भाचीच्या सीरिजमधल्या तिसऱ्या गोळीचा आवाज वेगळा आला. नेहमीचा टणक ‘टक्’ नव्हे, काहीतरी फुसकं, पसरट. चौथी गोळी चेंबरकडे निघाली आणि वाटेतच थांबली. स्लाइड अर्धवट उघडी. भाचीनं पिस्तूल समोरच रोखलेलं ठेवून डावा हात वर केला.

हात वर करणं ही या खेळातली मोठी गंभीर गोष्ट आहे. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात पिस्तुलाच्या बिघाडांची प्रतवारी केलेली आहे. एक क्षम्य बिघाड, एक अक्षम्य. पुंगळी बाहेर आली नाही, गोळी नळीत अडकली, फायरिंग पिन मोडली, तर ते क्षम्य. गोळ्या भरायच्याच राहिल्या, सेफ्टी काढायची राहिली, भलतंच काडतूस घातलं, आधीच्या गोळीनंतर चाप पुरता पुढे सोडला नाही, तर अक्षम्य. आणि पिस्तूल खरोखरच बिघडलेलं असलं, पण हात वर करण्याआधी तुम्ही सवयीनं त्याच्या यंत्रणेला बोट लावलंत, तर तेही अक्षम्य. नियम लिहिणाऱ्याला माणूस नावाच्या प्राण्याची फार खोल जाण असली पाहिजे. बंद पडलेल्या वस्तूला आधी चापट मारायची, मग हलवून बघायची आणि मग ‘मी काही केलं नाही’ म्हणायचं, हा आपला जागतिक परिपाठ आहे, त्यावरच त्यानं बोट ठेवलं आहे.

पुढचं तर त्याहून छान. बिघाडाचं कारण वरून दिसत नसेल आणि गोळी नळीत अडकल्याची शंका खेळाडूनं घेतली नसेल, तर रेंज ऑफिसरनं यंत्रणेला हात न लावता पिस्तूल उचलायचं, सुरक्षित दिशेला रोखायचं आणि चाप एकदा ओढायचा. एकदाच. दुसऱ्यांदा ओढून बघायचा मोह नियमानंच आवरलेला आहे. गाडी सुरू होत नसताना चावी फिरवत बसणाऱ्या तमाम लोकांना हा नियम लागू करता आला असता तर कितीतरी बॅटऱ्या वाचल्या असत्या.

हे सराव सत्र होतं, स्पर्धा नव्हती. पण भाचीच्या कोचबाई सरावातही नियमाला सुट्टी देत नाहीत. पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, बाकीच्यांनी मागे. बाकीचे मागे झाले ते पावलांनी. मतांनी सगळे पुढेच होते.

पहिलं निदान डॉक्टरांचं. ते एका कनिष्ठ नेमबाजाचे वडील. “मॅगझिन,” ते म्हणाले. का, ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी कारण सांगायचं नसतं. शेजारचे आर्किटेक्ट म्हणाले, “अलाइनमेंट गेलीये, इथून दिसतंय मला.” ते पंधरा फुटांवर काचेमागे उभे होते. निवृत्त बँक मॅनेजरांनी सर्व्हिसिंग केव्हा झालं होतं, त्याची नोंद कुठं आहे आणि त्यावर सही कोणाची आहे अशी विचारणा केली. रेंजवर एक तेलवाले काकाही असतात. त्यांच्या खिशात कायम एक छोटी बाटली असते, आणि दाराच्या बिजागरीपासून मनुष्यस्वभावापर्यंत सगळ्यावर त्यांचा एकच उतारा: “दोन थेंब सोडा.” ज्येष्ठ गटातला एक उमदा खेळाडू लेनवरून वळून ठामपणे म्हणाला, “लॉटच खराब आहे हा. मी तर हात लावणार नाही या काडतुसांना.” हे वाक्य लक्षात ठेवा.

एवढ्यात भाचीच्या आईचा, म्हणजे आमच्या ताईचा, फोन आला. मी झाला प्रकार सांगितला. ताईनं एक सेकंदही न दवडता निदान केलं: “रात्री मोबाइल बघत जागली असणार.”

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “आपल्या मालाची एक तक्रार नाही आजवर. पिस्तूल दाखवून घ्या.” पिस्तूल दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “पिस्तूल एक नंबर आहे. काडतूस कोणाकडून घेता?” दोघांचा सूर इतका एकसारखा होता की ते एकाच खोलीत बसले असावेत अशी शंका आली.

या सगळ्यात गंमत अशी, की एकाही निदानाला पिस्तूल बघायची गरज पडली नव्हती. तोफखान्याएवढं मोठं उदाहरण घ्यायचं तर टोकियोचं घ्या. २५ जुलै २०२१ला ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि तिची मोलाची मिनिटं गेली. ती बारावी आली, अंतिम फेरी हुकली. त्यात ना दारू होती ना पुंगळी. तरी कुठे इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, कुठे कॉकिंग लिव्हर असं छापून आलं आणि संध्याकाळपर्यंत देशातल्या प्रत्येक दिवाणखान्यात शस्त्रं दुरुस्त करणारा एक आर्मरर तयार झाला. आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी तेव्हा जिन्यात गाठून मला म्हणाले होते, “स्पेअर ठेवायला नको?” जसं काही मनूनं त्यांना विचारून बॅग भरायला हवी होती. २०२४ला त्याच मनूनं पॅरिसहून दोन पदकं आणली, तेव्हा हे निदान आपोआप मिटलं.

शेवटी सुभेदारसाहेब आले. लष्करात शस्त्रं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला माणूस. आता रेंजवर आठवड्यातून काही दिवस येतात, कोपऱ्यातल्या टेबलावर फडकं अंथरून बसतात आणि कोणी विचारल्याशिवाय बोलत नाहीत. असा माणूस पुणे परिसरात किती दुर्मिळ, ते मी सांगायला नको. त्यांनी मॅगझिन काढून घेतलं, वाटेत अडकलेली चौथी गोळी सांभाळून बाहेर काढली, पिस्तूल रोखलेलं ठेवलं आणि भाचीला तीनच प्रश्न विचारले.

“आवाज कसा आला?”

“फुसका. मनगटाला गरम लागलं.”

“टार्गेटला छिद्रं किती?”

दुर्बिणीतून मोजली. तीन. दोन मधोमध, तिसरं बरंच खाली. म्हणजे तिसरी गोळी नळीत राहिलेली नाही, लक्ष्यापर्यंत पोचली आहे, पण जोर कमी पडला, कारण निम्मा वायू मागच्या दारानं पळाला. हे छिद्र पहिल्यापासून तिथंच होतं. पंधरा फुटांवरून अलाइनमेंट दिसली होती, पंचवीस मीटरवरचं छिद्र दुर्बीण शेजारी असून कोणी पाहिलं नव्हतं.

तिसरा प्रश्न: “पुंगळी कुठाय?”

इथं सगळे गप्प झाले. पुंगळी हा शब्द आपण रोज पेपरात वाचतो. ‘घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ ही ओळ नसेल तर गोळीबाराची बातमी पुरी होत नाही. साध्या हवालदाराला जे सुचतं ते इथल्या पदवीधरांना सुचलं नव्हतं. आणि तोवर झाडणाऱ्या मावशींनी लेनवरचा सकाळपासूनचा सगळा पितळी पाचोळा सुपलीत भरून डब्यात नेऊन टाकला होता. डबा आणला, फरशीवर जुना पेपर पसरला आणि त्यावर उपडा केला. डॉक्टर, आर्किटेक्ट, बँक मॅनेजर असे तिघं उकिडवे बसून शेकडो पुंगळ्यांतून एक फुटकी पुंगळी शोधू लागले. तेलवाले काका उभ्यानं मार्गदर्शन करत होते.

तो शोध चांगला लांबला. तेवढ्यात, पुढे वाचनात आलेल्या दोन हकिकती सांगून टाकतो, कारण फुटक्या पुंगळीचं निदान हा काही आजचा उद्योग नाही. तो एका अख्ख्या लढाईवरही झाला आहे. २५ जून १८७६ला अमेरिकेतल्या माँटानात, लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी, जॉर्ज कस्टर आणि त्याच्याबरोबरचे घोडदळाचे शिपाई लाकोटा आणि शायेन योद्ध्यांपुढे एकूण एक कापले गेले. एवढा नावाजलेला साहेब हरलाच कसा? मग एक सोयीचं कारण सापडलं. त्यांच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनची काडतुसं तांब्याची होती. तांबं मऊ. नळी तापली, घाण साचली की केस चेंबरला चिकटायची, एक्स्ट्रॅक्टर ओढायला गेला की तिची कडाच फाटून यायची आणि धड आत राहायचं. शिपायानं मग चाकू काढून ते उकरत बसायचं. असं होत होतं यात खोटं काही नाही. तक्रारी तेव्हाच झाल्या होत्या. पण म्हणून लढाई त्यामुळेच गेली असं म्हणणं सोयीचं ठरलं, आणि शंभरेक वर्षं कस्टरसाहेबाच्या घाईचं पाप तांब्याच्या केसच्या माथी मारलं गेलं.

१९८३ला त्या माळावरच्या गवताला आग लागली. जमीन उघडी पडली. पुढची दोन वर्षं पुरातत्त्वज्ञांनी तिथं मेटल डिटेक्टर घेऊन तसूतसू जमीन धुंडाळली. जी पुंगळी सापडली तिची जागा नोंदवली, फायरिंग पिनच्या खुणा जुळवून कोणती पुंगळी कोणत्या बंदुकीची, ती बंदूक कुठून कुठं सरकली, हेही ताडलं. उकरून काढल्याच्या ओरखड्यांच्या पुंगळ्या निघाल्या, पण फारच थोड्या. शिवाय समोरच्या बाजूनं हेन्री आणि विंचेस्टरच्या भराभर उडणाऱ्या रायफलींचा पाऊस पडत होता, हेही जमिनीनं सांगितलं. एवढी साक्ष शतकभर तिथंच गवतात पडून होती. तोवर पुस्तकं छापून झाली होती.

दुसरी हकिकत आपल्याकडची, आणि मला जास्त आवडते ती हीच. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पेटीत ठेवल्या ठेवल्या तडकायची. गोळी झाडलेली नाही, पेटी आपटलेली नाही, आणि केसला मानेजवळ उभी चीर. हे व्हायचं ते पावसाळ्यात. आता पावसाळ्यात आपल्याकडे काहीही बिघडलं की संशयित एकच असतो. दमट हवा, सर्द वारा, हे हिंदुस्थानी हवामानच मुळी सभ्य धातूला मानवत नाही, असं साहेबाला वाटलं तर नवल नाही. या रोगाचं बारसंही ‘सीझन क्रॅकिंग’ असंच झालं.

खरा प्रकार असा होता, की पावसाळ्यात मोहिमा थांबायच्या, आणि काडतुसं कोरड्या हवेची वाट पाहत तबेल्यात ठेवलेली असायची. तबेल्यात घोडे. घोड्यांचं मूत्र. मूत्रातून अमोनिया. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं ते पितळ, साच्यातून थंडच खेचून लांबवलेलं, त्यामुळे आतून ताणलेलं. वरून बघावं तर लखलखीत, आत नुसता तणाव. (असे लोक आपल्याही ओळखीत असतात.) ताणलेल्या पितळाला अमोनियाचा वास चालत नाही, ते तडकतं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा इंग्रज संशोधकांनी १९२१ला हे नीट उलगडून सांगितलं. उपायही तितकाच साधा निघाला: केस तयार झाल्यावर तिला बेताची ऊब देऊन आतला ताण घालवायचा. म्हणजे पावसाला बोल लावत बसलेल्या सगळ्यांच्या मागे गुन्हेगार चार पायांवर उभा राहून हरभरे खात होता.

मला त्या फौजेतल्या कुणा आर्मररचं चित्र डोळ्यांपुढे येतं. धो-धो पावसात तडकलेल्या केसेस मोजतोय, वरिष्ठांना कारण लिहून द्यायचंय, आणि नाकात तबेल्याचा तो वास शिरतोय. वास त्याला नक्की येत असणार. पण वास हा काही पुरावा नव्हे, आणि घोडा हा तर सरकारी नोकर. त्यानं ‘हवामान’ असं लिहून सही केली असणार. मीही तेच केलं असतं.

इकडे पेपरावर पुंगळी सापडली, ती मात्र तिघांपैकी कोणाला नाही. मावशी बाजूला झाडू धरून उभ्या होत्या. डबा आपला, पाचोळा आपला, आणि ही मंडळी तो असा चिवडतायत हे त्यांना बघवेना. त्यांनी वाकून एक चकतीसारखा तुकडा उचलला. “ही बघा. ही आखूड आहे.” आणि खरंच, ती पुंगळी नव्हतीच, नुसतं बूड होतं, कडेसकट तुटून आलेलं. धड गायब.

सुभेदारसाहेबांनी मान हलवली. धड कुठं आहे हे त्यांना बुडाआधीच कळलं होतं. पिस्तूल उघडलं, चेंबरमध्ये छोटी बॅटरी मारली आणि मला बोलावलं. नळीच्या सुरुवातीला आत एक बारीकशी पितळी किनार चमकत होती. तिसऱ्या गोळीच्या वेळी एक्स्ट्रॅक्टरनं इमानानं ओढलं, त्याच्या हाती बूड आलं, ते त्यानं बाहेर भिरकावलं आणि आपलं काम झालं असं समजला. धड चेंबरला चिकटून राहिलं. चौथी गोळी बिचारी आत शिरायला गेली, तर जागा भरलेली. म्हणजे मॅगझिन निर्दोष, स्प्रिंग निर्दोष, अलाइनमेंट निर्दोष, आणि अर्थातच मोबाइलही.

त्यांनी पितळी ब्रश चेंबरमध्ये दाबून बसवला, किंचित फिरवला आणि सरळ मागे ओढला. ब्रशवर अडकून नळकांडं बाहेर आलं. मग बूड आणि धड फडक्यावर शेजारी शेजारी मांडून त्यांनी भिंगातून पाहिलं. केस फुटते म्हणजे कुठंही फुटत नाही, ते मला समजावून सांगू लागले. पिनच्या टोल्याच्याच जागी कडा उलली असेल तर मुरडच कमजोर, दोष कारखान्याचा. उभी चीर असेल तर पितळ ठिसूळ झालेलं, माल जुना किंवा वाईट ठेवलेला. सगळीकडून सारखी फुगली असेल तर दाब जास्त, तेव्हा आधी नळीत गोळी राहिलीय का ते बघ. आणि एकाच बाजूला पोट सुटून तिथूनच फाटत गेली असेल, तर तिला त्या बाजूला आधार नव्हता. स्लाइड पुरती मिटलीच नव्हती.

हिचं पोट एकाच बाजूला सुटलं होतं.

“पण अर्धवट उघड्या स्लाइडवर गोळी सुटूच नये ना? त्याला डिस्कनेक्टर असतो,” उमद्या खेळाडूनं विचारलं. प्रश्न बरोबर होता.

“असतो. मोठी फट त्याला दिसते. एवढीशी नाही दिसत.” साहेबांनी चेंबरच्या तोंडाशी टाचणीचं टोक फिरवलं. टोकावर काळपट मेण आलं. पॉइंट टू-टूच्या गोळीला बाहेरून मेणाचा हात असतो. शिसं, मेण आणि जळकी दारू मिळून हळूहळू एक थर धरतो, आणि तो काडतुसाला शेवटचा केसभर आत जाऊ देत नाही.

एवढं ऐकल्यावर वाद मिटायला हवा होता. उलट तो इथं खरा पेटला. कारण पॉइंट टू-टूवाल्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, प्रत्येक सरावानंतर नळी साफ. दुसरा म्हणतो, नळीला उगाच हात लावायचा नाही. साफ केली की ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, विस्कटतो आणि पुन्हा जमायला बऱ्याच गोळ्या खर्ची पडतात. दुसऱ्या पंथात थोडं तथ्य आहे, भरपूर श्रद्धा आहे आणि आळस नाही म्हणता येणार नाही. आमच्या कोचबाई दुसऱ्या पंथाच्या. त्यांनी ताबडतोब भेद केला: नळी वेगळी, चेंबर वेगळं, मी नळीबद्दल बोलले होते. भाची माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाली की तसं काही बोलल्या नव्हत्या. तेलवाले काकांना वाटलं की आता आपली वेळ आली, त्यांनी बाटली काढली. “चेंबरमध्ये तेल नाही,” सुभेदारसाहेब म्हणाले. “तेल असलं की केस भिंतीला धरत नाही, सगळा जोर मागे येतो.” काकांनी बाटली खिशात परत ठेवली, पण त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

दरम्यान प्रत्येकाला आपलं निदान सिद्ध झाल्याचं समाधान मिळून गेलं होतं. मॅनेजर म्हणाले, सर्व्हिसिंगच की हे एका अर्थी. आर्किटेक्ट म्हणाले, स्लाइड मिटली नव्हती म्हणजे अलाइनमेंट नाही तर काय? डॉक्टर म्हणाले, मॅगझिनही एकदा दाखवून घ्या. संध्याकाळी ताईला सगळं सविस्तर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “झोप झाली असती तर चेंबर साफ केलं असतं तिनं.” याला उत्तर नाही.

सुभेदारसाहेबांनी चेंबर पुसलं, एक्स्ट्रॅक्टरचं टोक शाबूत आहे का ते पाहिलं, नळीतून उजेड आरपार येतो याची खात्री केली, आणि तरीही त्या लॉटची उरलेली डबी बाजूला ठेवली. इतकी लहान फट सगळ्यांच्याच पिस्तुलांत कधी ना कधी राहते, सगळ्यांच्या केसेस फाटत नाहीत; तेव्हा पितळातही काही खोट असू शकते, तपासून घेऊ, असं त्यांचं म्हणणं. डबीवर लॉट नंबर वाचून त्यांनी वहीत टिपला, कपाट उघडून डबी आत ठेवली.

कपाटाला कुलूप लागायच्या आत तो उमदा खेळाडू टेबलाशी आला. आयात काडतुसांचा भाव आणि कोट्याची टंचाई हे आमच्या रेंजवरचं सर्वांत हळव्या आवाजात बोललं जाणारं प्रकरण.

“साहेब, ती डबी... ही वापरणार नसेल तर मी घेतो. निम्म्या भावात?”

“लॉट खराब आहे म्हणाला होतास ना?”

“तिच्या पिस्तुलाला खराब असेल,” तो म्हणाला. “माझ्याला चालेल.”

साहेबांनी किल्ली फिरवली.